किंमत तुम्हीच ठरवा? आम्हाला नाही परवडणार

राजारामपुरीचा_आवाज
आमच्या बँडचा पहिला अल्बम तयार झालाय. सात गाणी, सगळी मराठी, पाठीशी कंपनी वगैरे कुणी नाही. मित्राच्या माडीवर भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्डिंग केलं. गल्लीतून डॉल्बी निघाला की थांबायचं, काचा थरथरायच्या बंद झाल्या की पुन्हा सुरू. एका गाण्याच्या शेवटी खालच्या कुकरची शिट्टी आलीये. सुरात होती, ठेवली.

आता भांडण किमतीवरून. आमचा ड्रमर म्हणतो, रेडिओहेडसारखं करू. या इंग्लिश बँडचा ईएमआयशी (हप्ता नव्हे, रेकॉर्ड कंपनी) असलेला करार संपला होता. मग १० ऑक्टोबर २००७ ला त्यांनी ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर काढला, तोही जेमतेम दहा दिवस आधी सांगून. किमतीचा रकाना रिकामा. काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. शून्य भरलं तरी गाणी मिळायची.

माझं म्हणणं, हा थाट त्यांनाच शोभतो. आधीचे सहा अल्बम कंपनीच्या पैशावर जगभर पोचलेले. आम्हाला शेजारची गल्ली ओळखत नाही. आणि पुढचं कुणी सांगत नाही. दोनच महिन्यांत, १० डिसेंबरला, तो रिकामा रकाना बंद झाला. ३१ डिसेंबरला ब्रिटनमध्ये सीडी रीतसर दुकानात आली. २०११ चा पुढचा अल्बमही त्यांनी वेबसाइटवरच विकला, पण ठरलेल्या किमतीला. एवढं भारी होतं तर पुन्हा का नाही केलं?

आपण दीडशे रुपये ठेवावेत. बोला.

तालमीतला_गडी
भावा, ऐकणाऱ्यानं मोल ठरवायचं ही काय साहेबाची अक्कल न्हाई. वासुदेव दारात यायचा, तवा आजी सुपातनं जे आणंल ते त्याच्या झोळीत. गोंधळ्यानं कधी दरपत्रक लावलंय व्हय? जत्रंच्या मैदानात पैलवानानं पाठ लावली की लोक खुशीनं हातात नोटा देत्यात, त्ये काय तिकिटात धरल्यालं असतंय? तुमी दीडशे लावा, आन् बारा जणं ऐकत बसा. त्यातली चार घरचीच.

काहिलीचा_चटका
वासुदेवाचं राहू दे, माझ्या वडिलांना विचार. ऊस आपला, गुऱ्हाळाचा खर्च आपला, चुलवाणापुढं भाजायचं आपण. मग मार्केट यार्डात गुळाचे रवे मांडून बसायचं आणि भाव बोलणार समोरचा. पडला भाव म्हणून रवे परत गाडीत घालून नेतंय कोण? भाड्यातच जातंय सगळं. दुसऱ्यानं भाव ठरवण्यात काय मजा असते ते आमच्या घराला तीन पिढ्या ठाऊक आहे. दीडशेच ठेव. दोनशे ठेव.

राजारामपुरीचा_आवाज
@तालमीतला_गडी, बारातले चार घरचे हे मात्र खरंय.

एक_श्रोती
मूळ पोस्टमध्ये सोयीची तेवढीच गोष्ट आलीये. लोकांनी फुकट उतरवून घेतल्यावरही सीडी आली तेव्हा हा अल्बम ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. शिवाय ४० पौंडांची पेटी होती, दोन रेकॉर्ड आणि दोन सीडी असलेली, तिलाही गिऱ्हाईक होतं. गायक थॉम यॉर्कने तेव्हा सांगितलं होतं की या एका अल्बमच्या डाउनलोडमधून आधीच्या सगळ्या अल्बमच्या मिळून डिजिटल कमाईपेक्षा जास्त मिळाले.

आणि तुम्ही किमतीतच अडकलाय. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बँडने स्वतःकडे ठेवली, सीडी काढणाऱ्या कंपनीला नुसता परवाना दिला. स्वतंत्र म्हणतात ते याला. दीडशे की शून्य हा दुकानदारीचा प्रश्न झाला.

राजारामपुरीचा_आवाज
यॉर्कचं म्हणणं पुरतं सांगा की. त्यांच्या जुन्या करारात डिजिटल विक्रीचा वाटाच नव्हता. शून्याच्या पुढं काहीही जास्तच. मालकीचं पटलं, पण दुकानदारी मलाच करायचीये. माइक उसना आहे अजून.

जुना_देवलक्लबवाला
शाहू महाराजांनी गवई अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला म्हणून त्यांचं गाणं इथं कोल्हापुरात रुजलं. श्रोत्यांच्या खुशीवर सोडलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. बाकी खाँसाहेबांनी आपला आवाज तबकडीवर येऊच दिला नाही, त्यामुळे त्यांना हा तुमचा प्रश्न पडला नाही.

बेसवाला
मी याच बँडमध्ये आहे, धागा आत्ता दिसला. आमच्याच दोन कार्यक्रमांचं ऐका, ते कुणी सांगितलंच नाहीये. पहिल्या वेळी दाराशी क्यूआर कोड लावला, ‘खुशीने द्या’. शेजारी तो पैसे आल्यावर ओरडणारा डबा. पहिल्याने वीस भरले. डबा खणखणीत ओरडला, “वीस रुपये प्राप्त झाले.” रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. त्याच्या मागच्याने पन्नास भरले, त्याच्या मागच्या काकांनी शंभर आणि वर माझ्याकडे बघून मान हलवली.

दुसऱ्या कार्यक्रमाला डब्याचं चार्जिंग संपलेलं. गर्दी तेवढीच. घरी येऊन मोबाइल बघितला तर एक रुपया, एक रुपया, पाच, एक. एकाने तर एक रुपया दोनदा भरलाय, पहिला गेला नाही असं वाटून.

वासुदेव समोर उभा असतो म्हणून आजी सूप भरून आणायची. भीड असते. वेबसाइटला कसली भीड? रात्री दोनला शून्य भरताना कोण बघतंय?

तालमीतला_गडी
म्हंजे माणूस समोर असला की देतोय. मग माझंच खरं झालं की! अल्बम वेबसाइटवर टाकूच नका, पेनड्राइव्ह घिऊन दारोदार फिरा.

एक_श्रोती
भिडेपोटी दिलेले शंभर ही कमाई की खंडणी? मला दुसऱ्या वेळचा तो पाच रुपयेवाला जास्त जवळचा वाटतो. कुणी बघत नसताना दिले त्याने.

काहिलीचा_चटका
पाच रुपयात तार येत नाही गिटारची.

राजारामपुरीचा_आवाज
वेबसाइटवर दीडशे, कार्यक्रमात खुशीने. ड्रमर अजून शून्यावरच अडून बसलाय. पुढचा कार्यक्रम ठरला की इथंच टाकतो.

बेसवाला
डबा मी चार्ज करतो.