मदत हवी आहे: सायन्स फिक्शन सुचवा, शुक्रवार दुपारच्या आत

बंदरावरचा:
चांगलं सायन्स फिक्शन सुचवा, चारपाच नावं पुरेत. चुलतभाऊ मुंबईहून शनिवारी रात्रीच्या कोकणकन्येने निघतोय आणि त्याला पुस्तकं घ्यायला शुक्रवारी ऑफिस सुटल्यावरच वेळ आहे, म्हणजे यादी शुक्रवार दुपारपर्यंत त्याच्याकडे गेली पाहिजे. ऑनलाइन मागवा हा सल्ला कृपया नको, देवगडच्या पुढे आमच्या वाडीपर्यंत कोणी येत नाही, ऑर्डर परस्पर कॅन्सल होते आणि पैशांच्या मागे आपण फिरत बसायचं. नारळीकर सगळे वाचून झालेत. हल्ली लोक काय वाचतायत ते सांगा. लवकर प्लीज.

प्लूटो_ग्रहच_आहे:
मराठी का इंग्रजी?

खाडीपलीकडे:
प्रोजेक्ट हेल मेरी, अँडी वीअर, २०२१ चं. डोळे झाकून घ्या. मी पावसात लाइट गेलेली असताना टॉर्च लावून संपवलंय. एक माणूस यानात जागा होतो, स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही, बरोबरचे दोघे मेलेले, इकडे सूर्य मंद होत चाललाय. आणि पुढे त्याला तो परग्रहवासी भेटतो ना, रॉकी, तो तर

प्लूटो_ग्रहच_आहे:
अहो थांबा!!! ज्यांनी वाचलं नाही त्यांचा तरी विचार करा

खाडीपलीकडे:
सिनेमाच्या ट्रेलरमध्येच दाखवून टाकलाय त्याला, माझ्यावर कशाला ओरडताय

गणूचा_बाप:
"नारळीकर सगळे वाचून झालेत" हे वाक्य मी गेली अनेक वर्षं ऐकतोय आणि विचारायला गेलं की यक्षांची देणगी आणि प्रेषितच्या पुढे गाडी जात नाही. वामन परत न आला वाचलंय का? व्हायरस? अभयारण्य? पहिली विज्ञानकथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवली होती, नारायण विनायक जगताप, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, का तर परीक्षकांनी नाव बघून नंबर देऊ नये. आणि पहिला नंबर आला. आजचे लोक आधी स्वतःचा फोटो छापतात मग कथा.

ठोकळेबाज:
गणूचे बाप, त्यांनी नारळीकर सोडून विचारलंय.

गणूचा_बाप:
सोडून म्हणजे काय, वर्षातून एकदा परत वाचावेत असे आहेत ते.

ठोकळेबाज:
आदर आहेच, पण माणसं कागदी आहेत हो त्यांच्यातली. विज्ञान फर्स्टक्लास आणि दोन पात्रं एकमेकांशी बोलायला लागली की वर्गात बसल्यासारखं वाटतं. गंगाधरपंतांचे पानिपत तेवढी अपवाद, ती मात्र काय जमलीय.

गणूचा_बाप:
२० मे २०२५ ला गेले ते. अजून पचलं नाही आम्हाला आणि तुमचं हे. असो.

माडाखालचो:
अरे बंदरावरच्या, कोणाक वाचूक होया ता सांग आधी. पोरग्याक होया, बायलेक होया, का तुका? सगळे उगीच भांडतत आणि तू गप.

प्लूटो_ग्रहच_आहे:
आणि भाषा! तिसऱ्यांदा विचारायला लावू नका

बंदरावरचा:
जाळं ओढायला गेलो होतो, मोबाईल घरी होता. माझ्यासाठी नाही हो, बाबांसाठी. मला कुठे वेळ आहे वाचायला. बाबा बोटीवर होते, मोठ्या मालवाहू, इंजिन खात्यात, त्यामुळे इंग्रजी चालतं, किंबहुना इंग्रजीच जास्त, तिथे लोक उतरताना टाकून जायचे ती पुस्तकं वाचायची सवय. नारळीकर सुट्टीवर आले की वाचायचे. गेल्या गणपतीत पुतण्याने एक जाडजूड दिलं, अवकाशयुद्ध वगैरे, त्यात यानाच्या इंजिनाला आग लागते आणि दुसऱ्या पानावर हिरो कसलंतरी बटण दाबतो आणि आग विझते. बाबांनी चष्मा काढला, "ह्याने जन्मात पाना हातात धरलेला नाही" म्हणाले आणि पुस्तक नेऊन रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. ते अजून तिथेच आहे, मांजर बसतं त्याच्यावर. आता कळलं का कसलं पाहिजे ते.

खाडीपलीकडे:
हे आधी सांगायला काय झालं होतं!! मग तर हेल मेरीच. त्यातला नायक शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर आहे आणि प्रत्येक गोष्ट मोजून मापून करतो, दोरीला वजन बांधून लंबक करतो आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते काढतो. आणि रॉकी इंजिनिअर आहे. सांगून टाकलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही पण हत्यारं आणि आकडे समजतात, पुढे दोघं मिळून काय काय तयार करतात ते तुमच्या बाबांनीच वाचायला पाहिजे.

प्लूटो_ग्रहच_आहे:
पुन्हा सांगितलंत. धन्य.

बंदरावरचा:
मी बाबांना नाही सांगणार. हे एक घेतो. पुढे?

कोळंबीभात:
त्याच लेखकाचं द मार्शियन आधी. मंगळावर एकटा राहिलेला माणूस, बटाटे लावतो, पाणी तयार करताना स्फोट करून घेतो, तेच यंत्र पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो. लेखकाने आधी स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण टाकलं होतं आणि लोक चुका काढायचे, तो सुधारायचा. त्यामुळे हिशोब पक्के आहेत.

ठोकळेबाज:
पक्के कुठले. सुरुवातीलाच घसरलाय. वादळ येतं आणि यान कलंडेल म्हणून सगळे पळ काढतात. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्कासुद्धा नाही, तिथला कितीही मोठा वारा अंगावर झुळूक लागल्यासारखा लागेल. तौक्तेमध्ये आमच्या पडवीचे पत्रे शेजारच्या कलमांत जाऊन पडले कारण आपली हवा जड आहे. समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस हे पहिल्या पाच पानांत पकडणार आणि मांजराला दुसरी बैठक मिळणार.

कोळंबीभात:
लेखकाला माहीत होतं ते, त्याने मुलाखतीत सांगितलंय की गोष्ट सुरू करायला मुद्दाम घेतलं. एवढी एक सूट द्या की.

ठोकळेबाज:
मी देतो. बाबा देतील का?

बंदरावरचा:
नाही देणार. पण चूक सापडली की त्यांना बरं वाटतं, म्हणून घेतो. पुढचं सांगा.

त्रिसूर्य:
लिऊ सिशिन यांचं थ्री बॉडी प्रॉब्लेम कोणीच कसं सांगितलं नाही?? २०१५ चा ह्यूगो पुरस्कार, सायन्स फिक्शनमधला मोठा, चिनी पुस्तकाच्या भाषांतराला पहिल्यांदाच मिळाला, कादंबरीला. सुरुवातीची पानं सहन करा फक्त, सांस्कृतिक क्रांती वगैरे आहे, मग जे काय सुटतं. तिन्ही भाग घ्या एकदम.

ठोकळेबाज:
सहन करा म्हणे. द्यायचं आहे कोणाला ते वाचलंत का वर.

त्रिसूर्य:
कल्पनाशक्ती नावाचीही काही गोष्ट असते, सगळं पाना आणि स्क्रू नसतं. तुमच्या यादीत मोठी कल्पना एक तरी आहे का?

वॉचकीपर:
मोठी कल्पना पाहिजे ना, मग राँदेव्हू विथ रामा, आर्थर सी. क्लार्क, १९७३. मीही बोटीवरचाच, डेकवर होतो, म्हणून सांगतो. सूर्यमालेत एक नळकांडं शिरतं, पन्नास किलोमीटर लांब, वीस किलोमीटर रुंद, आत पोकळ, दर चार मिनिटांनी स्वतःभोवती एक फेरी. माणसं आत जातात तर मधोमध समुद्र, पट्ट्यासारखा सगळ्या बाजूने गेलेला, म्हणजे वर बघितलं की डोक्यावरही पाणीच. आधी गोठलेलं असतं, मग नळकांडं सूर्याजवळ येतं तसं वितळायला लागतं आणि कप्तानाला खबर येते की आता आत वादळ होणार, का होणार त्याचं कारणसुद्धा नीट दिलंय, गरम हवा, फिरणं, सगळं. मग ते तिथल्या तिथे बोट जुळवून त्या समुद्रात उतरतात. मी ते पान एकदा आडवा पडून आणि एकदा उभा राहून वाचलंय. कोणी कोणाला मारत नाही, प्रेमाची भानगड नाही, दोनशे-अडीचशे पानांत कारभार आटोपतो. मात्र पुढचे भाग आणू नका, ते क्लार्कने दुसऱ्याबरोबर लिहिलेत आणि त्यात घरगुती कटकटीच जास्त.

बंदरावरचा:
हे शंभर टक्के. हे वाचून मलाच वाचावंसं वाटलं. वॉचकीपर अजून सांगा.

वॉचकीपर:
ऑर्बिटल, सामंथा हार्वी, २०२४ चं बुकर. दीडशे पानांच्या आत. सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा प्रदक्षिणा, खाली एक टायफून फुगत चाललाय आणि वरून बघण्यापलीकडे काही करता येत नाही. गोष्ट अशी नाहीच. पण घरापासून लांब, लोखंडी डब्यात, पाळीने काम केलेल्या माणसाला ते वेगळं कळतं.

कोळंबीभात:
ते सायन्स फिक्शन नाही, कविता आहे. झोप येते.

वॉचकीपर:
ती झोप चांगली असते.

गणूचा_बाप:
मराठीतलं कोणी सांगणार आहे का, का आपण सगळे परदेशात राहायला गेलो? अरुण साधूंची विप्लवा. लक्ष्मण लोंढे यांची दुसरा आइन्स्टाइन. धारप म्हणजे फक्त भुतं असं समजणाऱ्यांनी नेनचिम वाचावं. आणि सुबोध जावडेकरांचं आकांत, हे तर मुद्दाम तुमच्या वडिलांसाठी. भोपाळच्या वायुगळतीवर आहे.

त्रिसूर्य:
ते तर घडून गेलेलं आहे, सायन्स फिक्शन कसं होईल

गणूचा_बाप:
विज्ञान आहे आणि कादंबरी आहे, तुमची व्याख्या तुम्हाला लखलाभ. १९८४ च्या डिसेंबरात टाकीत पाणी शिरलं तेव्हा ती टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि गळलेला वायू जाळून टाकायचा मनोरा जोडलेलाच नव्हता. इंजिनरूममध्ये काम केलेल्या माणसाला एवढ्यावरच घाम फुटेल, परग्रहवासी लागत नाही.

बंदरावरचा:
हे बाबांना आवडेल. रागावतील पण आवडेल. दुकानात मिळालं तर आणायला सांगतो.

ई_वाचक:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? किंडल घ्या, विषय संपला. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, देवगड काय आणि लंडन काय.

बंदरावरचा:
पडद्यावर वाचत नाहीत ते. मोबाईलवर फक्त भरतीओहोटीची वेळ बघतात.

ई_वाचक:
किंडलचा पडदा मोबाईलसारखा नसतो, डोळ्याला त्रास नाही. एकदा देऊन तर बघा. माझ्या सासऱ्यांनीही आधी नाहीच म्हटलं होतं.

प्लूटो_ग्रहच_आहे:
पण अक्षराचा मुद्दा बरोबर आहे. बाबांना बारीक अक्षर चालतं का?

बंदरावरचा:
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नवीन चष्मा आहे. फार बारीक नको. हे लिहायचं राहिलं.

प्लूटो_ग्रहच_आहे:
मग भावाला सांगा फुटपाथवरच्या जुन्या पॉकेट आवृत्त्या घेऊ नको, दुकानात उघडून अक्षर बघून मोठ्या आकाराची घे. वजन वाढेल पण वाचलं तर जाईल.

वेखंड:
पुस्तकं आणाल हो, पण ठेवणार कुठे? आमच्याकडे वेंगुर्ल्याला एका पावसात पेपरबॅकचा गोंद सुटतो आणि पानांवर करड्या ठिपक्यांची बुरशी. कसर तर विचारू नका, कडेकडेने अशी खाते की नकाशा वाटावा. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवा, डांबरगोळ्या नकोत, वास पुस्तकाला कायमचा लागतो.

माडाखालचो:
वेखंडान काय व्हता? बल्ब लाव कपाटात, सादो पिवळो, आजोबांपासून तेच करतव आमी.

वेखंड:
आणि शॉर्टसर्किट झालं की?

माडाखालचो:
आजपर्यंत झाला नाय.

ठोकळेबाज:
बुरशी परवडली. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, १८६४ पासूनची संस्था ती. दोन दिवसांनी गेलो तर पानं सोडवता येत नव्हती, नुसती विटेसारखी झालेली. तेव्हापासून माझी पुस्तकं माळ्यावर.

गणूचा_बाप:
बंदरावरचा, रत्नागिरीला जिल्हा नगर वाचनालय आहे, १८२८ चं. एकदा नाव नोंदवलंत तर हा दरवेळचा मुंबईचा खटाटोप वाचेल.

बंदरावरचा:
देवगडहून एसटीने रत्नागिरी करा एकदा, मग सांगा. जाऊन येऊन दिवस गेला, पुस्तक परत करायला दुसरा दिवस.

चौकशीखिडकी:
मुलाचं वय आठ ते बारा असेल तर फास्टर फेणेपासून सुरू करा, मग हळूहळू विज्ञानाकडे वळवा.

प्लूटो_ग्रहच_आहे:
कुठला मुलगा??

वॉचकीपर:
एक राहिलंच. ज्यूल व्हर्नचं मिस्टीरियस आयलंड. हल्लीचं म्हणालात आणि हे १८७५ चं, पण पाच माणसं एका बेटावर रिकाम्या हाताने पडतात, त्यातला एक इंजिनिअर, आणि विटा भाजण्यापासून लोखंड गाळण्यापर्यंत सगळं स्वतः करतात, शेवटी तारायंत्र टाकतात. आणि व्हर्नच्याच पाणबुडीच्या गोष्टीतला कॅप्टन निमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र होता हे त्याच पुस्तकात कळतं. संक्षिप्त आवृत्ती आणू देऊ नका, त्यात विटा आणि लोखंडच कापलेलं असतं.

बंदरावरचा:
बास. भावाला पाठवलं: हेल मेरी, मार्शियन, रामा, ऑर्बिटल, व्हर्न पूर्ण आवृत्ती, आकांत मिळालं तर. मोठं अक्षर. थ्री बॉडी पुढच्या खेपेला बघू, त्रिसूर्य रागावू नका. तो म्हणतोय बॅगेत जागा नाही, काकूंच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या परत आणायच्या आहेत, बघतो काय ते.

खाडीपलीकडे:
बाबांचं हेल मेरी वाचून झालं की इथे नक्की कळवा, त्या शेवटाबद्दल बोलायचंय. शेवटी तो मास्तर

प्लूटो_ग्रहच_आहे:
नको!!!!

माडाखालचो:
बंदरावरच्या, भाऊ खंय उतरतलो, कणकवलीक? तेका सांग मरे, ता रामा माका पण एक आण. मी स्टँडार येतंय, पैसे थंयच देतंय.