ग्लिप्टोथोरॅक्स धापा टाकतायत, काय करू?

प्रश्न: तीन फुटी टाकीत ग्लिप्टोथोरॅक्स (ओढ्यातले छोटे मार्जारमासे, म्हणजे कॅटफिश) ठेवलेत. पाणी २८ अंश, फक्त स्पंज फिल्टर. कल्ले भराभर हलतात, पेलेट्सना (कोरड्या खाद्याच्या गोळ्यांना) तोंड लावत नाहीत. औषध घालू का?

– औषध कशाला! पाणी तापलंय. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि हे खळाळत्या ओढ्यातले जीव. हीटर काढा, पॉवरहेड (पाण्याचा झोत सोडणारा छोटा पंप) लावा, २०-२४ अंशांवर आणा; पण हळूहळू.

– छातीखालच्या कातडीच्या घड्यांनी ते दगडाला धरून राहतात, म्हणून गुळगुळीत गोटे हवेतच. खाणं दिवे मालवल्यावर: ब्लडवर्म, ट्युबिफेक्स अशा अळ्या-किडे. पेलेट्सचा नाद सोडा.

प्रश्नकर्ता: पॉवरहेड लावला, सगळे झोताच्या तोंडाशीच जाऊन बसलेत! सोबत हारा जेर्डोनी (दुसरा एक छोटा कॅटफिश) चालेल?

– नको हो. तो जेमतेम ३ सेंटिमीटरचा, खाण्यात भलताच संथ. यांच्यात उपाशी राहील.