मदत हवी आहे: अ‍ॅस्परॅगसचे गड्डे जानेवारीअखेरपर्यंत कसे टिकवायचे? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

भाचीनं हिमाचलातून अ‍ॅस्परॅगसचे (कोवळे कोंब खातात ती भाजी) डझनभर गड्डे कुरिअरनं पाठवलेत. लावायची जागा मात्र अडकली आहे. मागच्या कंपाउंडच्या भिंतीचं काम चालू आहे, रेती-गिट्टीचा ढीग नेमका त्याच वाफ्यावर पडलाय आणि मिस्त्री जानेवारीअखेरीशिवाय तो हलवत नाही. तोवर हे जिवंत कसे ठेवायचे, हे कुणी सांगाल का?

मधोमध एक गाठ, तिच्यावर टोकदार डोळे आणि खाली पेन्सिलीएवढ्या जाडीची लांबलचक मुळं, असं त्यांचं रूप आहे. शतावरी याच कुळातली, त्यामुळे आईनं मुळं पाहूनच ओळखलं. बहुतेक गड्डे टणक आहेत. दोघांच्या मुळांची टोकं सुरकुतलीत. एकाचं मात्र एक मूळ दाबलं की सालीखालून तपकिरी पाणी येतं आणि आंबूस वास मारतो. तो मी वेगळा काढून ठेवलाय.

जी माहिती मिळते ती सगळी थंड मुलखातली. तिथे जमीन गोठते, म्हणून हिवाळाभर गड्डे 1 ते 4 अंशांत ओलसर भुश्शात ठेवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये लावतात. आपल्याकडे मार्चमध्ये लावले तर कोंब वर येईस्तोवर पारा 40 ला टेकलेला असणार, पुढे मे महिना आहेच. कोवळी पालवी करपून जाईल. म्हणून मार्चपर्यंत थांबायचं नाही, हे माझं ठरलंय. प्रश्न मधल्या दिवसांचाच आहे. रात्री 12-13 अंश असतात, पण दुपारी 28 च्या वर जातं. नुसते सावलीत ठेवले तर तिथेच फुटतील अशी भीती वाटते.

सध्या कागदात गुंडाळून जिन्याखाली ठेवलेत. फ्रिजमध्ये ठेवू का? भाजीच्या कप्प्यात संत्री आणि पेरू आहेत, त्यांच्या शेजारी चालतील का? कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किती ओलं हवं? आणि ठेवण्याआधी मुळं धुवायची का?

प्रतिसाद (काटोलहून)

ताई, आजच फ्रिजमध्ये ठेवा, जिन्याखाली नको. धुवू नका, माती नुसती झटका. कोकोपीट भिजवून मुठीत घट्ट पिळा. बोटांतून थेंब पडला तर ते जास्त ओलं आहे. त्यात मुळं झाकून भोकं पाडलेल्या पॉलिथिनमध्ये ठेवा, तोंड गच्च बांधू नका. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेत तर मुळं गोठून पिचतील, तेव्हा सगळ्यात खालचा कप्पा घ्या.

पेरू तेवढे बाहेर काढा. पिकताना ते इथिलीन वायू सोडतात, त्यानं डोळे बिघडू शकतात. संत्री तो फारच कमी सोडतात, पण एखादं सडकं निघालं तर बुरशी पसरते, म्हणून तीही दुसरीकडे ठेवा. दर आठवड्याला उघडून पाहत जा. पांढरी बुरशी दिसली तर पुसून थोडं कोरडं होऊ द्या. सुरकुतलेली टोकं चालतात, लावण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवली की बरीच सावरतात. आंबूस वासाचा मात्र फेकाच. कंपोस्टातही टाकू नका, बाकीच्यांना लागेल.

पुढचंही सांगतो. या पिकाला झोप, म्हणजे वाढ थांबवून विश्रांती, हवी असते. थंडी नसेल तिथे ती पाणी तोडून द्यावी लागते. पेरू देशाच्या वाळवंटी किनाऱ्यावर असंच करतात. आम्ही संत्र्याला बहारासाठी ताण देतो, तसंच समजा.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार दादा. पेरू काढले, गड्डे खालच्या कप्प्यात गेले, तो एक फेकला. ताणाचं हे कुठेच वाचलं नव्हतं.

आता काळजी जमिनीची आहे. आमची माती काळी, चिकण. पावसाळ्यात पाणी धरून बसते. एकदा लावलं की 15 वर्षं तरी एकाच जागी राहणारं हे झाड आहे, त्यामुळे वाफा सुरुवातीलाच नीट व्हायला हवा. फूटभर उंच वाफा करून काळ्या मातीत जाड रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळीन म्हणते. 15 सेंमी खोल चर, त्यात मुळं पसरून वर आधी 5 सेंमी माती आणि कोंब वाढतील तशी बाकीची भरायची. पहिल्या वर्षी एकही कोंब तोडणार नाही. एप्रिल-मेमध्ये वर हिरवी जाळी लावीन.

महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातही विचारून येणार आहे. पण विदर्भाच्या काळ्या मातीत कुणी हे पीक पावसाळ्यातून पार नेलं असेल, तर रेतीचं प्रमाण किती ठेवलं ते जरूर लिहा. मिस्त्री रेती उचलून नेण्याआधी मला तिच्यातली थोडी बाजूला काढून ठेवायची आहे.