नुसत्या पीडीएफवर मराठी शिकवता येईल?

खडूफळा: परदेशातल्या मराठी मुलांना मी दर शनिवारी ऑनलाइन मराठी शिकवते. परवा एका नऊ वर्षांच्या मुलीनं पीडीएफमधलं वाक्य वाचलं, 'तू आनंदाने जग.' ज मात्र 'सारे जग' मधला. चूक तिची नाही. कागदावर दोन्ही 'जग' हुबेहूब सारखे, उच्चार वेगळे. 'चार' आणि 'चारा'चं तेच. पीडीएफ कितीही रंगीत केली तरी हा फरक तिच्या कानावर पडणार कसा? भाषेच्या प्रत्येक ऑनलाइन पाठाला आवाज हवाच, असं माझं ठाम मत आहे.

कोरा कागद: मला नाही पटत. आमच्या शाळेच्या ग्रुपवर वीस-वीस मिनिटांच्या व्हॉइस नोट येतात. मुलाला हवी असते एका ओळीची व्याख्या, त्यासाठी सगळं ऐकत बसायचं. छापील पानावर ती चटकन सापडते. शिवाय माझ्या भाचीला ऐकू येत नाही. तिच्यासाठी त्या दिवशी शाळा नसतेच.

खडूफळा: भाचीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आवाज मजकुराच्या जागी नको, सोबत हवा. अडणाऱ्या शब्दापुरती चार सेकंदांची क्लिप, शब्दावर टॅप केलं की वाजणारी. पूर्ण धडा असला तरी मोनो (एकाच चॅनलची) एमपीथ्री फाइल ६४ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटला, ठेवली तर दहा मिनिटं पाच एमबीच्या आत बसतात. आवाज साफ करायला मी ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर वापरते, ते मोफत आहे. पंखा बंद करायचा, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरायचा आणि बोलण्याआधी पाच सेकंद गप्प राहायचं. तेवढा गप्प तुकडा निवडून दिला की त्यातली घरघर ऑडॅसिटी पूर्ण रेकॉर्डिंगमधून कमी करतं.

वऱ्हाडकर: रेकॉर्डिंग स्वच्छ होईल हो, पण आवाज कोणाचा? माझी आई 'डोया' म्हणते. क्लिपमधलं 'डोळा' ऐकून आमचं पोरगं आजीलाच टोकायला लागलं. ती आता त्याच्यासमोर कमी बोलते. छापलेलं ज्याचं तो आपल्या तोंडानं वाचतो. क्लिपमध्ये एकच उच्चार खरा ठरतो.

खडूफळा: हे वाचून वाईट वाटलं. माझ्या सगळ्या क्लिपा माझ्याच आवाजात आहेत, हे खरं. आईंची हरकत नसेल तर त्यांच्या आवाजात दहा शब्द पाठवाल? त्याच शब्दांना दुसरी क्लिप म्हणून जोडते, खाली 'वऱ्हाडी' असं लिहून.

वऱ्हाडकर: विचारतो तिला. 'चुकीचा उच्चार' असं कुठं येणार नसेल तरच.

कोरा कागद: आणि प्रत्येक क्लिपखाली तिचा मजकूर टाइप केलेला हवा. तो नसेल तर माझा विरोध कायम.