किनारा साफ करून ढीग तिथेच जाळतात. पाण्यात आणि जवळ्यात काय उतरतं?

खाडीकाठची:
आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यातलं, कोळीवाडा वाळूला लागूनच. पावसाळाभर उधाणाबरोबर काय काय येऊन पडतं ते किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. पिशव्या, चपला, गोळ्यांची पाकिटं, नायलॉनचे तुटके दोर, मासळीच्या थर्माकोल पेट्यांचे तुकडे. गणपती झाले की गावातली पोरं किनारा साफ करतात. मनापासून करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ढीग उचलायला कोणी येत नाही, मग त्याला तिथेच काडी लावतात. उरलेले काळे गोळे पुढची भरती घेऊन जाते.

माझं जवळ्याचं वाळवण त्याच वाऱ्यात असतं. सासरे म्हणतात, दर्या मोठा आहे, सगळं पोटात घेतो. त्यांनी तागाच्या जाळ्यांचे दिवस पाहिलेत, त्यांचं मी मोडून काढत नाही. पण प्लास्टिक पाण्यात नुसतं तरंगतं की त्यातून काही सुटतंही? जळल्यावर ते वाढतं का? आणि आमचा जवळा घरच्या पोरांना द्यायचा की नाही? जाणकारांनी नीट सांगावं.

वसईचा दादा:
ताई, जाळणं वाईट हे सगळ्यांना कळतं. आम्ही खड्डा करून पुरूनही पाहिलं, मोठ्या उधाणाने सगळं उघडं पाडलं. पंचायतीची गाडी वाळूपर्यंत येत नाही. मग पोरांनी करायचं काय, तेही कोणीतरी सांगा.

पाणी-परीक्षक:
समुद्राच्या पाण्यातली रसायनं तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, सुटतं. प्लास्टिक म्हणजे नुसतं पॉलिमर, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या, नव्हे. ते मऊ राहावं, उन्हात टिकावं, लवकर पेटू नये, रंग धरावा म्हणून त्यात बरंच काही मिसळतात. प्लास्टिकशी संबंधित 16,000हून अधिक रसायनांची यादी 2024मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यातली 4,200हून अधिक चिंताजनक ठरवली गेली. यातली बरीच पॉलिमरला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. पीव्हीसीची पावसाळी चप्पल जुनी झाली की कडक होऊन तडकते, कारण तिला मऊ ठेवणारी थॅलेट हळूहळू निघून गेलेली असतात. समुद्रात ऊन आणि लाटांचा मार हे काम पुढे नेतात. तुकडा जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि झिरपणंही जास्त. ऑस्ट्रेलियात 2019मध्ये प्लास्टिक पिशव्या आणि पीव्हीसीची चटई समुद्राच्या पाण्यात भिजवून ते पाणी प्रोक्लोरोकॉकस या सूक्ष्म जिवाणूंना दिलं. त्यांची वाढ खुंटली, प्राणवायू तयार करणंही मंदावलं. समुद्रातल्या अन्नसाखळीच्या अगदी पायाशी हे जीव आहेत.

दुसरी बाजू उलटी आहे, प्लास्टिक पाण्यातली विषं ओढूनही घेतं. पीसीबी (पूर्वी विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी) आणि डीडीटी हे कीटकनाशक अशी रसायनं पाण्यात विरघळायला तयार नसतात, त्यांना तेलकट जागा लागते. बहुतेक प्लास्टिक मुळात खनिज तेल किंवा वायूपासूनच बनतं. टोकियोचे संशोधक हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने 2001मध्ये दाखवलं की पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या दाण्यांवर (कारखान्यात वस्तू बनवायचा कच्चा माल) ही विषं आजूबाजूच्या पाण्यापेक्षा एक लाख ते दहा लाख पट जास्त साठतात.

म्हणून मासळी सोडायची का? नाही. पीसीबीसारखी विषं माशाच्या अंगात बहुतेक करून त्याच्या नेहमीच्या खाण्यातून जातात, गिळलेल्या प्लास्टिकचा वाटा त्यात सहसा कमी असतो. शिवाय ती चरबीत साठत जातात, त्यामुळे जास्त जगणाऱ्या, दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत अधिक सापडतात. जवळ्याचं आयुष्य वर्षभराचंही नसतं, त्यामुळे त्या हिशोबाने तो बरा. फक्त तो आतड्यासकट खाल्ला जातो, तेव्हा पोटातले बारीक प्लास्टिकचे कण आपल्याकडे येतात, हे खरं. पोरांना जवळा जरूर द्या. मला काळजी आहे ती तुमच्या वाळवणाच्या वाऱ्याची.

जाळल्याने प्लास्टिक नाहीसं होत नाही, त्याचं रूप बदलतं. मे 2021मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज पेटलं आणि सुमारे 1,680 टन प्लास्टिक दाणा समुद्रात आणि किनाऱ्यावर गेला. अभ्यासकांनी साधा दाणा आणि जळालेले गोळे दोन्ही तपासले. जळालेल्या प्लास्टिकमध्ये रसायनांचं मिश्रण सुमारे तिप्पट गुंतागुंतीचं निघालं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये 2019मध्ये किनाऱ्यावरचे काही 'दगड' तपासले, तर ते वितळून गोठलेलं प्लास्टिक होतं, आणि अनेकांत शिसं आणि क्रोमियम होतं. तुमची भरती जे काळे गोळे नेते, ते याच जातीचे. पीव्हीसी जळताना डायॉक्सिन नावाची अतिविषारी रसायनंही तयार होतात. तो धूर आणि राख उघड्यावर वाळणाऱ्या जवळ्यावर बसते. ढीग पेटलेला असेल त्या दिवशी वाळवण घालू नका, घातलं असेल तर झाकून घ्या.

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. कचरा उघड्यावर जाळायला आणि पुरायला घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच मनाई केली आहे, पण नुसती मनाई दाखवून ढीग हलत नाही. दोर, जाळी आणि बाटल्या वेगळ्या काढल्या तर भंगारवाले बऱ्याचदा घेतात. उरलेलं गोणीत बांधून भरतीच्या रेषेच्या वर, छपराखाली ठेवा. गाडी किनाऱ्यावर नाही तर रस्त्यापर्यंत येईल, असा ठराव ग्रामसभेत घ्या. थर्माकोल कोणी घेणार नाही, त्याचा चुरा होऊ न देणं एवढंच तुमच्या हातात आहे.

अनंतपुरीवासी:
मी नोकरीनिमित्त तिरुवनंतपुरमला असतो. 25 मे 2025ला एमएससी एल्सा 3 हे जहाज कोचीजवळ बुडालं. त्यावर 640 कंटेनर होते, 13 धोकादायक मालाचे. नंतर इथल्या किनाऱ्यांवर पांढरा दाणा येऊ लागला. लोक चाळण्या घेऊन वाळू चाळत होते, आणि पुढच्या लाटेबरोबर नवा दाणा येत होता. केरळ सरकारने 9,531 कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. मासेमारांचे बुडालेले दिवस मी शेजारी राहून पाहिले आहेत. मासा चांगला असला तरी गिऱ्हाईक नुसत्या भीतीने पाठ फिरवतं.

खाडीकाठची:
सर, खूप आभार. पोरांना हे सगळं वाचून दाखवलं, या वेळी गोण्या भरायच्या ठरलंय. सासऱ्यांनी छपराची जागा दिली. दाण्याचं वाचून आठवलं, आमच्याकडेही भरतीच्या रेषेत साबुदाण्याएवढे दाणे मिळतात, काही पांढरे, काही पिवळट. लहान मुलं खेळायला गोळा करतात. त्याचं काय करावं?

पाणी-परीक्षक:
मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, हात साबणाने धुवायला लावा. पण जमवलेले टाकूनही देऊ नका. ताकादा यांनी 2005मध्ये इंटरनॅशनल पेलेट वॉच सुरू केलं, जगभरातले लोक आपल्या किनाऱ्यावरचे दाणे त्यांना टपालाने पाठवतात, आणि त्यांवर साठलेली विषं तिथे मोजली जातात. 2009मध्ये त्यांनी 17 देशांतल्या 30 किनाऱ्यांची तुलना छापली. पीसीबी सर्वात जास्त अमेरिकेच्या किनाऱ्यांवर निघाली, आणि डीडीटी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि व्हिएतनाममध्ये.

पिवळट दाणे जास्त काळ समुद्रात राहिलेले असतात, म्हणून ते आधी वेचा. शंभर-दोनशे लागतील. चिमट्याने किंवा स्वच्छ हातांनी उचला, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको. पाकिटावर किनाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. पाठवण्याचा खर्च माझ्याकडे.