एलियननी पळवलं आणि पोटातलं बाळ नेलं असं सांगणाऱ्या बायकांवर विश्वास ठेवायचा का?

रात्रीचा_राजा

काल झोप येत नव्हती म्हणून एक मुलाखत ऐकत बसलो. त्यात एक बाई सांगत होत्या की त्यांना दिवस गेले होते, टेस्ट पॉझिटिव्ह होती, मग एका रात्री खोलीत उजेड आला, हातपाय हलेनात, पलंगाशी ठेंगणी राखाडी माणसं उभी आणि नंतर डॉक्टरकडे गेल्या तर पोटात काहीच नाही. पुढे काही वर्षांनी हिप्नोसिस केल्यावर सगळं 'आठवलं', त्या लोकांनी गर्भ काढून नेला आणि नंतर एकदा ते मूल दाखवायला पण आणलं म्हणे. मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस आहे पण ह्या बाई खोटं बोलतायत असं एकदाही वाटलं नाही, आवाज कापत होता, मधेच गप्प व्हायच्या. नाव पण बदललेलं, म्हणजे प्रसिद्धीसाठी म्हणावं तर तेही नाही. मग हे नक्की काय प्रकरण आहे? उगाच टर उडवू नका, सिरियसली विचारतोय.

शंकासुर

टर नाही उडवत, पण एक जोक मारतोच. बाकीच्यांचे दिवस जातात, ह्यांचे तास जातात. (असल्या किश्शात 'मधले दोन तास कुठे गेले कळेना' हे असतंच.) झाला जोक.

तुम्ही खरं आणि खोटं असे दोनच कप्पे केलेत, घोळ तिथेच आहे. माणूस अजिबात खोटं न बोलता न घडलेली गोष्ट सांगू शकतो. हातपाय न हलणं, खोलीत कोणीतरी आहे असं वाटणं, छातीवर वजन, ह्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू मेंदूने बंद करून ठेवलेले असतात, कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात, आणि मधल्या त्या वेळात स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालू राहतं. जपानमध्ये ह्याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी येऊन छातीवर बसते म्हणतात. अनुभव तोच, येणारा पाहुणा तेवढा बदलतो.

आणि पोटाचा भाग कुठून आला ते बघा. १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला बेटी आणि बार्नी हिल ह्या नवराबायकोचं एलियननी पळवल्याचं प्रकरण झालं. बेटीने सांगितलं की बेंबीत लांब सुई घातली आणि ही प्रेग्नन्सी टेस्ट आहे म्हणाले. पण ह्यातलं बरंच तिला आधी स्वप्नांत दिसलेलं होतं आणि ती स्वप्नं तिने लिहूनही ठेवली होती, हिप्नोसिस १९६४ ला झालं. ज्या मानसोपचारतज्ज्ञाने ते केलं त्या डॉ. बेंजामिन सायमनचंच मत पडलं की हे स्वप्नातून आलंय, प्रत्यक्ष घडलेलं नाही. गर्भ गायब होणं आणि अर्धं माणूस अर्धं एलियन असलेली मुलं हे सगळं गाजलं १९८० च्या दशकात, बड हॉपकिन्समुळे. हा माणूस चित्रकार, डॉक्टर नाही, आणि हिप्नोसिस स्वतः करायचा. १९७८ ला आपल्याकडे म्हणजे पृथ्वीवर पहिलं टेस्ट ट्यूब बेबी जन्मलं, आणि त्यानंतरच्या वर्षांत एलियनही बीजं काढायला लागले, काय योगायोग. एवढे तारे ओलांडून येणाऱ्यांचं मेडिकल ज्ञान नेमकं आपल्या पेपरातल्या बातम्यांएवढंच कसं असतं?

अनंत_शक्यता

शंकासुरजी तुमचं नेहमीचंच आहे, सगळ्याला मेंदूचा केमिकल लोचा म्हणायचं. जॉन मॅक हा काय रस्त्यावरचा माणूस होता का? हार्वर्डचा मानसोपचारतज्ज्ञ, पुलित्झर पुरस्कार मिळालेला, त्याने अशा कित्येक लोकांशी बोलून सांगितलं की हे वेडे नाहीत. हार्वर्डने चौकशी लावली आणि शेवटी त्याला काम चालू ठेवू दिलं. इतके लोक एकमेकांना न ओळखता सारखंच कसं सांगतात? विश्वात एवढे ग्रह आहेत आणि आपण खुशाल ठरवून मोकळे की शक्यच नाही.

शंकासुर

वेडे नाहीत हे मी पण म्हणतोय की. हार्वर्डने त्याला संशोधनाचं स्वातंत्र्य दिलं, एलियनला सर्टिफिकेट नाही दिलं. आणि हार्वर्डच हवं असेल तर तिथल्याच रिचर्ड मॅकनॅलीने असे दावे करणाऱ्या लोकांना त्यांच्याच आठवणींचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर हृदयाचे ठोके, घाम सगळं खऱ्या आघातातून गेलेल्या माणसासारखंच वाढलं. पळवून नेलं होतं असं तो म्हणाला नाही, विश्वास पक्का असला की शरीर तसंच वागतं एवढंच म्हणाला. मूळ पोस्टमधला कापरा आवाज त्यातच आला.

खेचर

(माझा आयडी आज पहिल्यांदा कामाला आला.) घोड्याचे गुणसूत्र ६४, गाढवाचे ६२, खेचराचे ६३, आणि ते बहुतेक वेळा वांझच. हे एकाच ग्रहावरचे, जवळचे चुलतभाऊ. माणूस आणि चिंपांझी ह्यांचं मूल झाल्याची एकही सिद्ध नोंद नाही. आणि दुसऱ्या ग्रहावरचा जीव, ज्याच्यात डीएनए आहे की नाही इथपासून सुरुवात, त्याच्याशी आपली सोयरीक जुळणार? ग्रह कितीही असूदेत.

बाकी, पोट वाढणं, पाळी थांबणं, हालचाल जाणवणं हे गर्भ नसतानाही होऊ शकतं. इंग्लंडची राणी पहिली मेरी, १५५५ ला अख्खा दरबार बाळाची वाट बघत बसला होता. बाळ आलंच नाही.

मधुमालती

मी सहसा लिहीत नाही इथे. माझं नवव्या आठवड्यात झालं. टेस्ट पॉझिटिव्ह, मळमळ, सगळं व्यवस्थित, आणि सोनोग्राफीत पिशवी दिसली पण आत काहीच नाही. ब्लाइटेड ओव्हम म्हणतात. गर्भ वाढत नसला तरी वारेच्या पेशी हार्मोन तयार करत राहतात त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्हच येते, शरीराला पत्ताच नसतो. हे सगळं मला समजावून सांगितलं, समजलंही. कळलेल्या प्रेग्नन्सीपैकी साधारण १० ते २० टक्के अशा ना तशा कारणाने टिकत नाहीत, हेही सांगितलं. पण घरी आल्यावर डोक्यात एकच, मग इतके दिवस मी बोलत कुणाशी होते? रिपोर्टवर बाळ हा शब्दच नव्हता, प्रॉडक्ट्स ऑफ कन्सेप्शन लिहिलं होतं.

मी एलियन वगैरे मानत नाही. पण त्या महिन्यात मला कुणी शांतपणे सांगितलं असतं की ते गेलं नाही, कुठेतरी आहे, मोठं होतंय, एकदा दाखवायला आणतील, तर मी हिप्नोसिसच्या खुर्चीत जाऊन बसले असते. म्हणून मला राग त्या बाईंचा येत नाही, समोर बसून 'अजून काय दिसतंय, अजून आठवा' म्हणणाऱ्याचा येतो. अनंतदादा, सगळे सारखंच का सांगतात ते तिथे बघा, प्रश्न विचारणारे सारखे असतात.

अनंत_शक्यता

ताई, सॉरी, तुमच्यावर नव्हतं ते. एलियन नाहीतच असं मी अजूनही म्हणणार नाही, पण ह्या बाईंच्या केसमध्ये आधीची सोनोग्राफी झाली होती का, रक्तातला एचसीजी (प्रेग्नन्सीचं हार्मोन) किती होता, हे कागद बघायला पाहिजेत एवढं मान्य.

रात्रीचा_राजा

मधुमालती, तुमचं वाचून तो भाग परत लावून ऐकला. कागदांचा विषयच नाहीये कुठे. बाई म्हणतात, "डॉक्टर म्हणाले, आत काही नाही," आणि गप्प होतात, चांगल्या सातआठ सेकंद. मग मुलाखत घेणारा विचारतो, "बरं, त्यांचे डोळे कसे होते?"