कबड्डी : पंच तिघेच, मैदान मातीचं. कोण कुठे उभं राहणार?

सातपूरकर : मंडळाचे एकदिवसीय सामने आहेत, पुरुष गट, १३ बाय १० मीटर. माहीतगार पंच तिघेच मिळालेत, बाकी कॉलेजची पोरं. कामं कशी वाटायची? बोनस आणि लॉबीवरून (मैदानाच्या कडेच्या पट्ट्यांवरून) होणारी भांडणं कशी टाळायची?

गोदाकाठ : दोघे पंच, मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर. तिसरा सरपंच, म्हणजे मुख्य पंच. त्याला गुणलेखनाला बसवायचा मोह होईल, बसवू नका. दोन पंचांचं जुळलं नाही की त्याचाच शब्द लागतो. गुणलेखक, वेळाधिकारी, अंतिम रेषांवरचे दोघे साहाय्यक ही कामं पोरं करतील. मात्र साहाय्यकाकडे वही हवीच. गडी ज्या क्रमाने बाद, त्याच क्रमाने आत. तोंडी हिशेब ठेवला की एका चढाईत दोन गुण मिळताच भलताच गडी आत घुसतो.

बोनस : चढाईपटूने बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, समोर किमान ६ गडी असतील तरच. निदानरेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती, मध्यरेषेपासून ३.७५ मीटर, बोनस रेषा तिच्या १ मीटर पुढे. चढाईपटूच्या पुढच्या पायाकडे सगळं मैदान बघत असतं, पंचाने मागचा बघावा. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला तेव्हा मागचा हवेत पाहिजे. मागची टाच मातीत घासली तर बोनस नाही. हे तिरकं उभं राहून कळत नाही, रेषेच्या सरळीत उभं राहावं लागतं.

पंचवटी नाका : लॉबीचं सांगतो. स्पर्श होईपर्यंत दोन्हीकडची १-१ मीटर पट्टी खेळात नसते. त्याआधी चढाईपटू तिथे गेला तर तो बाद, बचावपटू गेला तर तो बाद. पाय आधी की स्पर्श आधी, हे एकाच माणसाला दिसत नाही. म्हणून जवळचा पंच रेषा बघेल आणि समोरचा स्पर्श, हे नाणेफेकीआधीच ठरवा. इशारा करण्यापूर्वी एकमेकांकडे एक नजर. वर गेलेला हात खाली आला की प्रेक्षक आत आलेच समजा.

पकडीत शिट्टीची घाई नको. चढाईपटू आडवा पडला म्हणजे बाद नव्हे, हात मध्यरेषेपार जाऊ शकतो. पण तोंड दाबलं किंवा पायांची कैची घातली तर तिथल्या तिथे थांबवा.

सातपूरकर : फक्की पुसली जाते, त्याचं काय? आणि मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन येणारे?

गोदाकाठ : आपल्या काळ्या मातीवर पाणी बेताने मारा, नाहीतर चिखल तळव्याला चिकटतो आणि फक्की त्याच्याबरोबर जाते. रेषांच्या टोकांना हद्दीबाहेर खुंट्या ठोका, डोकी जमिनीसपाट. मध्यंतराच्या ५ मिनिटांत सुतळी ताणून निदानरेषा आणि बोनस रेषा नव्याने मारा, बाकीच्या निभावतात.

व्हिडिओ चालणार नाही हे नियमपत्रकातच छापा. बोलायचं फक्त कर्णधाराने. बाकी कोणी हुज्जत घातली तर हिरवं कार्ड, म्हणजे ताकीद, पुन्हा घातली तर पिवळं, म्हणजे २ मिनिटं बाहेर. कार्डं विकत घ्यायची गरज नाही, नाशकात शालिमारहून रंगीत कार्डपेपर आणून कापा.

पंचवटी नाका : वेळाधिकारी मात्र यजमान मंडळाचा नको. चढाईच्या ३० सेकंदांतली शेवटची पाच त्याने मोठ्याने मोजावीत, दोन्ही संघांना ऐकू जातील अशी.